गुरूचा कान

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईतल्या गाण्याच्या शिकवण्या बघता बघता मोबाइलवर आल्या. परदेशातल्या मराठी घरांना ही सोय आधीपासून ठाऊक होती; स्काइपवरून यमन गिरवणारी मुलं अमेरिकेत तेव्हाही होती. टाळेबंदी उठली, शिकवण्या मात्र पूर्णपणे बैठकीवर परतल्या नाहीत. आणि एक जुना प्रश्न पुन्हा वर आला: गुरू समोर असावाच लागतो का? हा प्रश्न जितका संगीताचा तितकाच धर्माचा, आणि आपल्या परंपरेने त्याची दोन उत्तरं देऊन ठेवली आहेत.

पहिलं उत्तर कडक आहे. वेदपठण मुखातून कानात, कानातून मुखात असंच जायला हवं. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत लिहिलेलं पाहून म्हणणारा आहे, घाई करणारा आहे, मान हलवणारा आहे आणि गंमत म्हणजे सुरात गाऊन म्हणणाराही आहे. (निदान मान तरी कॅमेऱ्यात दिसते.)

दुसरं उत्तर वारकऱ्यांकडे आहे. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश मिळाला तो स्वप्नात, माघ शुद्ध दशमीला. बहिणाबाई कोल्हापुरात होत्या तेव्हा त्यांनी तुकोबांचे अभंग कीर्तनात दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. त्यांनाही तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला. आजच्या भाषेत ही दूरस्थ दीक्षाच! ती कमी प्रतीची आहे असं संप्रदायात कोणी म्हणत नाही.

मग गाण्याच्या गुरूने पडद्यावर येण्याला आक्षेप का? मंत्र शब्दात मावतो. तो पोचला की पोचला. सुराचं तसं नाही. गुरूचा आवाज शिष्यापर्यंत पोचवणं आता अवघड राहिलेलं नाही, ते काम तबकडीनेही केलं. अडतं ते उलट दिशेने, शिष्याचा आवाज गुरूच्या कानापर्यंत जाताना.

इथे एकलव्याचं नाव हमखास निघतं. मातीचा पुतळा मांडून तो धनुर्धर झाला, मग मोबाइल काय वाईट? पण नेम चुकला की बाणच ते सांगतो. गाण्यात स्वर घसरला हे ज्याच्या कानाला अजून कळत नाही, तोच शिकायला बसलेला असतो. चूक ओळखणारा कान त्याच्याकडे तयार होईपर्यंत तो दुसऱ्या कुणाचा तरी उसना घ्यावा लागतो.

पडद्यावरची तालीम अशी चालते. ताई पुण्यात, मुलगी कॅलिफोर्नियात. ताई दरबारीचा कोमल गंधार आंदोलन देऊन म्हणतात आणि गप्प बसतात. मुलगी तिच्याकडच्या तानपुऱ्यावर तोच म्हणून दाखवते. ‘अगं, मध्येच तुटला बघ. तू तोडलास की नेटने?’ हा प्रश्न पूर्वी कुठल्याही गुरूला पडला नसेल. बोलण्यासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर सतत वाजणाऱ्या तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून दाबू शकतं, आणि लांबवलेल्या आकारालाही त्याची कात्री लागते. म्हणून झूममध्ये गाणाऱ्यांसाठी मूळ आवाज तसाच पाठवण्याची वेगळी सोय ठेवावी लागली.

कात्री चुकवता येते, उशीर चुकवता येत नाही. समोरासमोर दीड मीटरवर बसलं तर आवाज साडेचार मिलिसेकंदांत पोचतो. पुणे ते कॅलिफोर्निया अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाशालाही एका दिशेने पासष्ट-सत्तर मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्यक्षात जाऊन-येऊन होणारा उशीर दोनशेच्या पुढे जातो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा अडीचशे मिलिसेकंदांची. म्हणजे दोघांमध्ये जवळजवळ अख्खी मात्रा उभी. एकत्र गाणं संपलंच. शिष्याचा सूर डगमगायला लागला की गुरू आपला आवाज त्याच्याखाली सरकवतो, तेवढ्या आधारावर शिष्य वर जातो, आणि मग गुरू हळूच बाजूला होतो. बैठकीतली ही तालीम तारेवरून होत नाही.

या युक्तिवादाला कुमार गंधर्व आडवे येतात. तबकड्या ऐकून हा मुलगा बड्या गायकांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करून दाखवायचा, तीही कोणी न शिकवता. तरीही वडिलांनी त्याला मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे ठेवलं. भीमसेन जोशींचंही तसंच. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. जालंधरपर्यंत भटकून झाल्यावर कुंदगोळला सवाई गंधर्वांचं दार सापडलं. बहिणाबाईंनी तरी काय केलं? स्वप्नात अनुग्रह मिळूनही त्या पुढे देहूला गेल्याच.

पण दार सापडणं हा नशिबाचा खेळ होता. मोगूबाई कुर्डीकर सांगलीत रियाज करत असताना तो सूर रस्त्याने जाणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला. उपचारासाठी ते त्या गावात होते म्हणून. ते दुसऱ्या गल्लीने गेले असते तर? गुरुगृहाचे गोडवे गाताना, किती जणी त्या घराच्या ओट्यापर्यंतही पोचल्या नाहीत, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून वर्ग आणि अभ्यासक्रम आणले, ते या बंद दारांना कंटाळूनच. आज लातूरच्या एखाद्या मुलीचं गाणं पुण्यातला जाणता गवई तुटक का होईना ऐकतो आणि तिला थांबवतो. तबकडीने हे कधीच केलं नव्हतं.

पडद्याची ही सोय कुणाला मानवते, हे मात्र पाहायला हवं. ज्याचा षड्ज पक्का झाला आहे, ज्याला स्वतःची चूक निदान अर्धी कळते, त्याला दूरची तालीम पुरते. तुटलेला गंधार नेटचा की आपला, हे तो ओळखतो. सात वर्षांच्या पोराला ते ओळखता येत नाही. आणि आईवडील नेमकं उलट करतात: सुरुवात आहे तोवर ऑनलाइन चालेल, पुढे परीक्षा जवळ आल्या की चांगले गुरुजी बघू.