हाताला ठाऊक असलेले दोष

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘गाडीला एक रुपयाचं काम नाही.’ त्याच्या जोडीला ‘एकहाती वापर’, ‘पेपर क्लिअर’, ‘घ्यायची आणि चालवायची’ ही मंडळी असतातच. यातले सगळे खरे नसते हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. तो टायर दाबून बघतो, सायलेन्सरमागे हात धरतो, ओळखीचा मेकॅनिक सोबत आणतो. दोन्ही बाजू सावध राहूनच व्यवहाराला बसतात, त्यामुळे फसगत झाली तरी विश्वासघात झाल्याचे दुःख सहसा नसते. पेच पडतो तो विकणारा दलाल नसतो तेव्हा. गाडी त्याने स्वतः हौसेने, महिनोन्महिने खपून उभी केलेली असते आणि घेणारा त्या हौसेवर भाळूनच आलेला असतो.

उदाहरणादाखल यामाहा आरएक्स १०० घेऊ. ऐंशीच्या दशकात जपानी तंत्राच्या शंभर सीसीच्या मोटारसायकली आपल्याकडे एकामागून एक आल्या. त्यांतली ही गाडी १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने बाजारात आणली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलो. एवढ्या हलक्या अंगात एवढी ताकद, म्हणून तिचा पिकअप आजही लोकांच्या बोलण्यात आहे. कोल्हापूर-सांगलीकडे तिचे वेड अजून ओसरलेले नाही. नीट सजवलेल्या आरएक्सला लाखाच्या वर किंमत सांगितली जाते आणि ती देणारेही भेटतात.

अशी गाडी बहुधा गोठ्याच्या कोपऱ्यात नाहीतर जिन्याखाली सापडते. टाकी आतून गंजलेली, कार्बुरेटर चिकटलेला, वायरिंग उंदरांनी कुरतडलेले. मग ब्लॉक बोअर होतो, ओव्हरसाइज पिस्टन बसतो, क्रँकची बेअरिंग आणि ऑइल सील बदलतात. ब्रेकला नवे लायनर, रिमला नवे स्पोक, मडगार्डला क्रोम आणि सर्वांत शेवटी रंग. रंग चढला की आधीचे सगळे झाकले जाते. मात्र ज्याने ती नटबोल्टपर्यंत उघडली त्याच्यापासून काहीच झाकलेले नसते. टाकीच्या कोणत्या बाजूला किती पुट्टी आहे, हे त्याला ठाऊक असते. ब्लॉक शेवटच्या मापापर्यंत बोअर झाला आहे आणि पुढच्या खेपेला मोठा खर्च येणार, हेही ठाऊक असते. ‘ओरिजिनल’ म्हणून मिरवणारा एखादा भाग डुप्लिकेट आहे, चासीला कधीतरी वेल्डिंग झाले आहे, मीटर नवा बसवल्यामुळे आकडा शून्यापासून सुरू झाला आहे, ही सारी माहिती त्याच्या हातांत मुरलेली असते. ती त्याने सांगावी की विचारीपर्यंत गप्प राहावे?

या प्रश्नावर आपल्या कायद्याने विचार केलेला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि ती समजावण्यासाठी घोड्याचे उदाहरण दिलेले आहे. एकाने लिलावात दुसऱ्याला घोडा विकला. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत होते, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. घरजमिनीला नियम निराळा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे, घेणाऱ्याला साध्या काळजीने पाहूनही दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगायचा असतो. म्हणजे घराची खोट सांगायला हवी आणि घोड्याची गिळून टाकली तरी चालेल. मोटारसायकल घोड्याच्या रांगेत बसते. तेव्हा गप्प बसणाऱ्याला कायद्याचा आधार आहे, असे वाटू शकते.

पण त्याच कलमात घोड्याची गोष्ट पुढे जाते. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच त्याने खोट सांगणे भाग आहे. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालतो’, तर त्यानंतरचे मौन बोलण्याइतकेच धरले जाते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या बारकाव्यात मोठी नीती आहे. समोरचा स्वतःच्या डोळ्यांवर भिस्त ठेवून आला असेल तर मौन एक वेळ क्षम्य आहे. तो तुमच्यावर भिस्त ठेवून आला असेल तर नाही.

आता हौशी विक्रेत्याच्या दारात उभा असलेला पोरगा बघा. तो म्हणतो, ‘काका, तुमच्या हातची गाडी आहे, मी काय बघायचं?’ मेकॅनिक त्याने सोबत आणलेला नसतो. सायलेन्सरमागे हातही धरलेला नसतो. गाडीवरची माया पाहूनच त्याने आपली सावधगिरी बाजूला ठेवलेली असते. त्या क्षणी ‘त्याने बघून घ्यायला हवं होतं’ ही बाजारातली नेहमीची पळवाट काकांसाठी बंद होते. दलालापेक्षा त्यांची जबाबदारी जास्त आहे, कारण त्यांना जास्त माहीत आहे आणि त्यांच्यावर जास्त विश्वास टाकला गेला आहे. शिवाय ते किंमतही साध्या जुन्या गाडीची मागत नाहीत, मन लावून केलेल्या कामाची मागतात. मायेचे पैसे घ्यायचे आणि मायेपोटी कळलेले दोष मात्र स्वतःपाशी ठेवायचे, हा दुटप्पीपणा झाला.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, खरे सांगणाराच यात मार खातो. शेजारचा दलाल ‘एक रुपयाचं काम नाही’ म्हणतो आणि काका कामांची यादी वाचतात. मग गिऱ्हाईक कोणाकडे जाईल? शंका रास्त आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच विषयावरच्या कामासाठी. त्यांचे म्हणणे असे : चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून ती बाजारातून निघून जाते आणि मागे खराब माल उरतो. म्हणजे खोटे बोलणारा एका गिऱ्हाइकाला तर बुडवतोच, शिवाय सगळ्या खऱ्या विक्रेत्यांचा भाव पाडतो. काकांची यादी हा त्यावरचाच उपाय आहे. जो स्वतःच्या गाडीतली खोट सांगतो, त्याने सांगितलेल्या गुणांवरही लोक विश्वास ठेवतात.

लबाडीखेरीज आणखी एक अडचण असते. ज्या वस्तूवर आपण खपलो तिचे दोष आपल्याच डोळ्यांना दिसेनासे होतात. पहिल्या किकला गाडी सुरू झाली नाही तर ‘थंडी आहे’ आणि पुढचे चाक ओढले तर ‘रस्ता खराब आहे’, असे विक्रेता मनापासून म्हणतो. तो खोटे बोलत नसतो, पण खरेही सांगत नसतो. म्हणून विकण्याआधी गाडी एकदा परक्या मेकॅनिककडून तपासून घ्यावी आणि त्याच्या बोलण्याचा राग मानू नये.

किंमत किती सांगावी, यावर नीतीचे फार म्हणणे नाही. पावत्यांची बेरीज मागा, श्रमाचे मोल मागा, हौसेचेही मागा. घेणारा राजीखुशीने देत असेल तर त्यात पाप नाही. पाप आहे ते ‘कालच एक जण दहा हजार जास्त देऊन जात होता’ असे नसलेले गिऱ्हाईक उभे करण्यात. सुरुवातीच्या काही आरएक्सचे भाग जपानहून आले होते, म्हणून ‘जपानी इंजिन’ असले की भाव चढतो. ते खरोखर असेल तर जरूर सांगा. आरएक्स १३५ चे इंजिन आरएक्स १०० च्या चासीत बसवून ते झाकणे मात्र नुसते असत्य नाही. आरटीओच्या नोंदीशिवाय इंजिन बदललेली आणि आरसीशी नंबर न जुळणारी गाडी घेणाऱ्याला पोलिसांच्या दारात नेऊन उभे करते.

गाडी कोणाच्या हातात जाते आहे, हेही बघायला हवे. पिकअप जबरदस्त आणि दोन्ही चाकांना साधे ड्रम ब्रेक, ही जोडी नवख्या हाताला धोक्याची आहे. गिऱ्हाईक अल्पवयीन असेल, किंवा बाप सोळा वर्षांच्या मुलासाठी घेत असेल, तर लाखाचा सौदाही मोडावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अल्पवयीन चालकाच्या अपराधासाठी पालक आणि गाडीमालकाला जबाबदार धरले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. कायदा नसता तरी उत्तर बदलले नसते.

पैसे हातात पडले म्हणजे व्यवहार संपला, असेही नाही. नावावर करून देण्याचे काम घेणाऱ्यावर ढकलून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. गाडी विकल्यापासून १४ दिवसांत विकणाऱ्याने ती विक्री नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची असते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही पुढे गेली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर. गाडी १५ वर्षांपुढची असल्याने नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत आणि पर्यावरण कर यांची स्थितीही आधीच सांगून टाकावी.

आणि कागद झाले की हक्क सोडावा. नव्या मालकाने काळ्या टाकीला लाल रंग दिला म्हणून त्याला फोन करून बोल लावण्याचा अधिकार विकणाऱ्याला उरत नाही. गाडी पैसे घेऊन दिली आहे, सांभाळायला दिलेली नाही.

हौसेने उभी केलेली गाडी विकायला काढणाऱ्यांना एक साधी सूचना करावीशी वाटते. कोऱ्या कागदावर दोन रकाने आखा. एकात झालेली कामे लिहा, दुसऱ्यात राहिलेली आणि लवकरच करावी लागणारी. गिऱ्हाईक विचारण्याआधी, किंमत सांगण्याआधी तो कागद त्याच्या हातात द्या. खाली सही करा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. गिऱ्हाईक निघून गेले तर जाऊ द्या. दुसऱ्या रकान्यासकट गाडी पसंत करणारा जो येईल, तोच तिचा खरा खरेदीदार.