गृहस्थ एकनाथ आणि चरित्रकारांची स्मृती

वारकरी संतांपैकी बहुतेक संसारीच होते. तरीही पैठणच्या एकनाथांचा संसार मराठी स्मृतीत ज्या रीतीने राहिला आहे, ती रीत निराळी आहे. तुकारामांच्या चरित्रांत घर म्हणजे दुष्काळ, कर्ज आणि पत्नी जिजाईची खरमरीत बोलणी, म्हणजे भक्तीला सतत अडवणारा अडथळा. एकनाथांच्या चरित्रांत मात्र घर हेच भक्तीचे क्षेत्र असून श्राद्ध, अतिथी, स्वयंपाक आणि पंगत या नित्याच्या व्यवहारांतच त्यांच्या श्रद्धेची परीक्षा होताना दिसते. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी वाढवलेल्या या मुलाने पुढे देवगिरीच्या जनार्दनस्वामींकडे साधना केली आणि गुरूच्याच आज्ञेने गृहस्थाश्रम स्वीकारला, असे परंपरा सांगते. त्यामुळे त्यांचा संसार हा वैराग्य न साधल्याने पत्करलेला दुय्यम मार्ग ठरत नाही.

याच एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपल्या टीकेत, जी शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, वाराणसीत पूर्ण झाली, पिल्लांच्या मोहाने पारध्याच्या जाळ्यात सापडणाऱ्या कपोताची, म्हणजे कबुतराची, कथा विस्ताराने सांगितली आहे. मुलाबाळांच्या माणसाने आसक्तीविरुद्ध असे लिहावे, यात काहींना विसंगती वाटेल. वस्तुतः आसक्ती सोडणे आणि माणसे सोडणे या दोन गोष्टी त्यांनी कधीच एक मानल्या नाहीत, आणि हा भेद पोथीपेक्षा त्यांच्या घरातच अधिक स्पष्ट होतो.

त्यासाठी पुत्र हरिपंडितांचा प्रसंग महत्त्वाचा आहे. संस्कृत विद्येत निपुण असलेल्या या मुलाला वडिलांनी प्राकृतात, म्हणजे लोकांच्या मराठीत, पुराण सांगणे आणि परान्न, म्हणजे दुसऱ्याच्या घरचे अन्न, घेणे सहन होईना, म्हणून तो घर सोडून काशीला गेला. एकनाथ स्वतः त्याला आणायला गेले आणि या दोन्ही गोष्टी सोडण्याची त्याची अट त्यांनी मान्य केली. पुढे एका गरीब विधवेचा सहस्रभोजनाचा, म्हणजे हजार ब्राह्मणांना जेवू घालण्याचा, संकल्प एकट्या एकनाथांच्या जेवणाने पूर्ण झाला. उष्टी पत्रावळ उचलताना तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी अशा हजार पत्रावळी निघाल्या आणि हरिपंडितांचा अभिमान गळाला, असे चरित्रकार लिहितात.

चमत्काराने वाद मिटतो खरा, पण कथेचा कस त्याच्या आधीच लागलेला असतो. ज्याने ब्रह्मवृंदाचा रोष पत्करून श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना वाढले, अशी ज्याची ख्याती, तोच माणूस मुलाच्या हट्टापुढे आपले निरूपण थांबवतो. याला दुबळेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु समाजाशी निर्भयपणे झगडणाऱ्याला घरातल्या विरोधकाशी असे झगडता येत नाही, कारण तिथे जिंकण्यात माणूस गमावण्याची भीती असते, हे या कथेतून जितके नेमके कळते तितके कोणत्याही चमत्कारातून कळत नाही.

अर्थात ही स्मृती तपासूनच घ्यायला हवी. एकनाथांनी शके १५२१ च्या (इ. स. १५९९-१६००) फाल्गुन वद्य षष्ठीला देह ठेवला आणि संतचरित्रकार महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा आहे; दीडशेहून अधिक वर्षांत कथा घोटीव होत जातात आणि गैरसोयीचे तपशील गळतात. एकनाथांच्या पत्नी गिरिजाबाईंचेच पाहावे. श्राद्धाचा स्वयंपाक एकदा वाटून टाकल्यावर तो पुन्हा रांधायचा कोणी, हा प्रश्न चरित्रकारांना फारसा पडत नाही. पतीच्या औदार्याला सदैव अनुकूल असलेली पत्नी एवढीच त्यांची ओळख उरते, आणि ज्या घराचा गौरव करायचा त्यातले निम्मे श्रम असे स्मृतीबाहेर राहतात. एकनाथांना आदर्श कुटुंबवत्सल पुरुष म्हणून मिरवणाऱ्या आजच्या प्रवचनांतही ही उणीव तशीच राहिली आहे.

हरिपंडितांच्या आक्षेपाचे पुढे काय झाले, याचे उत्तर मात्र चमत्कारावर विसंबून राहत नाही. एकनाथांच्या मुलीचा मुलगा म्हणून परंपरेने ओळखलेल्या मुक्तेश्वरांनी महाभारत रचायला घेतले ते मराठीतच, आणि आदि, सभा, वन, विराट व सौप्तिक ही त्यांची पर्वे आज उपलब्ध आहेत.