ताण तोडल्यावर

काटोलकडे संत्र्याचा आंबिया बहार धरायचा तर थंडीत पाणी बंद करून झाडांना ताण देतात. पानं मलूल झाली की जानेवारीच्या सुमारास ताण तोडायचा. पाणी मिळालं की काही दिवसांत अख्खं झाड फुलावर येतं, आणि त्या पाण्याचा हिशेब पुढे आठ-नऊ महिने चालतो.

अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीतही असंच काहीसं घडतं. तिच्या चेतापेशी जेमतेम 20 हजार, पण काही नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. एरिक कँडेल यांनी स्मृतीचा माग तिच्यातच काढला आणि 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. मला मात्र तिचं अंडी घालणं जास्त विचारात पाडतं. पोटाकडच्या चेतागुच्छाला लागून ‘बॅग सेल’ या पेशींचे दोन पुंजके असतात. एरवी त्या गप्प. एकदा काही सेकंदांची चेतना मिळाली की सगळ्या मिळून विजेचे ठोके देऊ लागतात आणि सुमारे अर्धा तास थांबत नाहीत. त्या वेळात 36 अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड रक्तात उतरतं. त्याच चेतागुच्छातली आर-15 नावाची पेशी मुळातच झुबक्याझुबक्यानं ठोके देणारी. या पेप्टाइडमुळे तिचे झुबके आता जोर धरतात. हे पेप्टाइड ज्या जनुकातून येतं, त्यातूनच आलेलं दुसरं पेप्टाइड शेजारच्या काही पेशींना शांत करतं. गोगलगाय चालणं थांबवते, खाणं सोडते आणि डोकं हलवत अंड्यांची लांब दोरी घालू लागते.

विजेचा ठोका क्षणात विरतो. पण पुढच्या ठोक्याला पेशी कसं उत्तर देईल, हे असं सावकाश पसरणारं रसायन ठरवतं. आपल्या मेंदूतही अशी पेप्टाइडं आहेत, ऑक्सिटोसिन त्यातलंच. भुकेलेला माणूस, घाबरलेला माणूस, नुकतीच बाळंत झालेली आई, एकच शब्द प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो. कुणाच्या वागण्याचा निवाडा करण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

2022 साली लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी शंखी गोगलगाय अ‍ॅप्लिसियाच्याच गोतातली. तिच्या चेतागुच्छातून जपानी संशोधकांनी 1989 मध्ये अकॅटिन नावाचं पेप्टाइड वेगळं केलं. अवघी चार अमिनो आम्लं, तरी तिच्या चेतापेशीला उत्तेजित करणारी. त्यातलं एक आम्ल आरशातल्या प्रतिमेसारखं उलट्या घडणीचं आहे. त्याच्या जागी नेहमीच्या घडणीचं आम्ल घालून तीच साखळी दिली, तर पेशी प्रतिसाद देत नाही.