नाव, व्याप्ती आणि मॅक्रो

नावाला अर्थ कोठून मिळतो, या प्रश्नाचे तर्कशास्त्रापुरते नेमके उत्तर गोटलोब फ्रेग यांच्या १८७९ मधील ‘बेग्रिफ्सश्रिफ्ट’ या ग्रंथापासून आकाराला आले. ‘प्रत्येक क्ष साठी’ असे म्हटले की त्या विधानाच्या व्याप्तीत क्ष हा बद्ध चल ठरतो. सर्वत्र क्ष च्या जागी न वापरलेले दुसरे अक्षर घातले तरी विधान तेच राहते. मुक्त चलाचा अर्थ मात्र बाहेरून येतो. अशी मुक्त चल असलेली राशी दुसऱ्या विधानात घातली आणि तिथे त्याच नावाचा बद्ध चल असला, तर अर्थ बदलतो. म्हणून अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कलनात आधी बद्ध चलाचे नाव बदलून घेतात.

सी भाषेचा प्रीप्रोसेसर ही दक्षता घेत नाही. त्याला व्याप्ती कळत नाही. तो फक्त शब्दांच्या जागी शब्द ठेवतो; अशा बदलाच्या नियमाला मॅक्रो म्हणतात. किमतींची अदलाबदल करणाऱ्या मॅक्रोत ‘टेम्प’ हा स्थानिक चल आहे आणि वापरणाऱ्याच्या चलाचे नावही ‘टेम्प’च आहे, असे समजा. विस्तारानंतर आतला ‘टेम्प’ स्वतःच्याच अनिश्चित किमतीने सुरू होतो आणि अदलाबदल होतच नाही. रचना व्याकरणशुद्ध असल्याने कम्पायलर ती नाकारत नाही. महिरपी कंस आतले नाव बाहेर जाऊ देत नाहीत, पण बाहेरच्या नावाला आत येण्यापासून अडवू शकत नाहीत.

स्थानिक चलाला लांब, विशिष्ट उपसर्गाचे नाव देणे हा रूढ उपाय आहे. पण तोच मॅक्रो स्वतःच्या आर्ग्युमेंटमध्ये पुन्हा वापरला, की तेच नाव स्वतःशी भिडते. म्हणून लिनक्स कर्नलच्या किमान-कमाल मॅक्रोंमध्ये प्रत्येक विस्ताराला नवे नाव तयार करण्याची पद्धत आली. चर्च यांचा नियम तिथे प्रोग्रामर हाताने पाळतो.

कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन आणि डुबा यांनी १९८६ मध्ये ही जबाबदारी मॅक्रो-विस्तार करणाऱ्या यंत्रणेवरच टाकली. मॅक्रोची ‘शुचिता’ म्हणून ओळखली जाणारी ही कल्पना पुढे स्कीम भाषेने स्वीकारली. सी मध्ये ती नाही. अनोखे नाव टक्कर टाळण्याची शक्यता वाढवते; व्याप्तीचा नियम टक्कर अशक्य करतो. फंक्शनला तो नियम जन्मतःच लाभतो. म्हणून सी-९९ पासून प्रमाण भाषेत असलेल्या इनलाइन फंक्शनने काम भागत असेल, तिथे मॅक्रो लिहू नये.