देवाचं जंगल म्हणजे कोणाचं?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १० ते १६.

थोडक्यात अर्थ असा. सृष्टी एका चक्रावर चालते. अन्नातून जीव, पावसातून अन्न, यज्ञातून पाऊस आणि कर्मातून यज्ञ. देव आपल्याला देतात, आपण देवांना द्यायचं. बाराव्या श्लोकात भगवंत एक कडक शब्द वापरतात, स्तेन. स्तेन म्हणजे चोर. देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो नुसता भोगतो, तो चोरच.

हा श्लोक नीट वाचला की एक गोष्ट लक्षात येते. भगवंत घेणाऱ्याला चोर म्हणत नाहीत. घ्यावं तर लागणारच, त्याशिवाय शरीर चालणार नाही. चोर तो, ज्याचं घेणं एकाच दिशेने चालतं. आयटीवाल्या मित्रांना हे लगेच कळेल. प्रोग्रॅमने मेमरी मागितली यात काहीच चूक नाही. वापरून झाल्यावर ती सोडली नाही, की हळूहळू सगळी सिस्टिम बसते. आणि बसेपर्यंत कोणाला काही कळतही नाही.

आता हा श्लोक जंगलाला लावून बघू.

आपण भाविक माणसं. झाड तोडणं पाप आहे हे लहानपणापासून ऐकलंय. पिंपळाला नमस्कार करतो, तुळशीला पाणी घालतो, तुकोबांनी झाडांना सोयरे म्हटलं ते स्टेटसला ठेवतो. पण वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात, ते कोणासाठी? गणपतीच्या आदल्या दिवशी एकवीस पत्रींची जुडी आपण घासाघीस करून घेतो. त्यातली शमी कुठली, आघाडा कुठला, माका कुठला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ती कुठल्या रानातून आली, तिथे पुढच्या वर्षीही उगवणार आहे का, हा प्रश्न तर मनात येतच नाही. आपण स्वतः झाड तोडत नाही, म्हणून आपण निर्दोष, असं आपलं गृहीतक आहे. बारावा श्लोक नेमकं तेच तपासायला लावतो.

जंगल कोणाचं, असं विचारलं तर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, सरकारचं. दुसरं, देवाचं. दोन्ही उत्तरांचा आजचा व्यावहारिक अर्थ एकच, माझं नाही.

पण 'देवाचं' या शब्दाचा अर्थ आपल्याच मातीत पूर्वी अगदी उलट होता. कोकणात आणि सह्याद्रीत देवराया आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. कित्येक देवरायांमध्ये वाळलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही असा दंडक होता. गावाला फारच गरज पडली तर देवाला कौल लावायचा आणि मगच हात लावायचा. अनेक ठिकाणी गावाचं पाणी त्याच राईतल्या झऱ्याचं. तिथे 'हे देवाचं आहे' याचा अर्थ, इथे कोणीतरी बघतंय आणि मला उत्तर द्यावं लागणार आहे. देवाच्या नावाने अख्खं गाव जबाबदार होत होतं. आज देवाच्या नावाने कोणीच जबाबदार राहत नाही.

आणि हे फक्त शहरात झालं असं नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडं विकली गेली, अशी उदाहरणं अभ्यासकांनी नोंदवली आहेत. आपल्या जूचंद्रच्या जवळचं उदाहरण घ्या. तुंगारेश्वरला २००३ साली अभयारण्य जाहीर झालं, साधारण ८५ चौरस किलोमीटरचं. आत महादेवाचं मंदिर आहे, श्रावणात आणि महाशिवरात्रीला केवढी गर्दी असते ते आपल्याला माहीतच आहे. याच अभयारण्यातल्या एका आश्रमाचं बांधकाम २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडलं गेलं. कित्येक भाविकांची मनं दुखावली. त्या दुःखाची थट्टा मी करणार नाही. पण एक प्रश्न मनातून जात नाही. देवराईत देव जंगलाला जागा देत होता. आता देवासाठी जंगलाने किती जागा द्यायची, यावर आपण भांडतोय. मधे नेमकं काय बदललं?

मग काय, जंगलाला हातच लावायचा नाही? गीता असं म्हणत नाही, आणि याचं जिवंत उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं छोटंसं गोंड गाव आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही या कामातली दोन मोठी नावं. गावाचे निर्णय ग्रामसभेत होतात, तेही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचं जरी पटलं नाही तरी पुन्हा बसायचं. विषय समजून घ्यायला अभ्यास गट. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. हे लोक बांबू तोडतात, विकतात, त्यावर जगतात. पण किती तोडायचा, कुठे तोडायचा आणि राखण कशी करायची, हे तेच बसून ठरवतात.

आता सांगा, बाराव्या श्लोकाच्या कसोटीवर चोर कोण? कुऱ्हाड हातात असलेला तो गावकरी, की एकही फांदी न तोडता फर्निचर, कागद आणि पत्री तिन्ही वापरणारे आपण?

यावर एक रास्त आक्षेप येतो. "दादा, त्यांच्या दाराशी जंगल आहे. आम्ही सकाळी ८ची लोकल पकडतो आणि रात्री ९ला घरी येतो. आम्ही काय राखण करणार?" हे खोटं नाही. म्हणूनच आपण वर्षातून एकदा रोप लावतो, फोटो काढतो आणि हिशेब मिटला असं समजतो. सरकारी मोहिमांचे आकडेही तसेच होते. १ जुलै २०१६ला एका दिवसात २ कोटी झाडांचा संकल्प होता, २०१९ला तो ३३ कोटींवर गेला. आकडा लावण्याचा असतो. जगवण्याचा आकडा आपण विचारत नाही.

ज्ञानेश्वर माऊली या श्लोकांवर बोलताना यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा उलगडून सांगतात. म्हणजे ज्याच्या वाट्याला जे कर्तव्य आलंय, तोच त्याचा यज्ञ. गोंड गावकऱ्याचा यज्ञ आपल्याला जमणार नाही, आणि जमवायचीही गरज नाही. शहरात राहणाऱ्याचा स्वधर्म वेगळा. महाराष्ट्रात १९७५पासून शहरातल्या झाडांसाठी कायदा आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं. झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर नागरिकांना हरकत नोंदवता येते. २०२१च्या सुधारणेनंतर ५० वर्षांपेक्षा जुनी झाडं वारसा वृक्ष मानली जातात. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता समिती असायला हवी आणि लोकांच्या सहभागातून स्थानिक झाडा-प्राण्यांची नोंदवही व्हायला हवी. ही कामं रटाळ आहेत. अर्ज करा, विचारत राहा, पुन्हा विचारा. त्याची रील होत नाही. पण घेतलेलं परत करण्याची आपल्या हातातली वाट हीच आहे.

मला वाटतं, आपल्या भक्तीची खरी परीक्षा इथेच आहे. पान वाहताना डोळे मिटणं सोपं असतं. ते पान जिथून आलं, तिकडे डोळे उघडून बघणं अवघड.

आजचा संकल्प: या वर्षी पत्री घेताना दोन मिनिटं थांबायचं. विकणाऱ्या मावशींना विचारायचं, "मावशी, ही पानं कुठून आणलीत? पूर्वीसारखी मिळतात का?" आणि सांगतील ती किंमत द्यायची, घासाघीस नाही. आणि आपल्या वॉर्डात कुठल्या झाडावर तोडणीची नोटीस लागली असेल, तर ती उभं राहून पूर्ण वाचायची.

तुमच्या गावात देवराई असेल किंवा होती असं आजी-आजोबा सांगत असतील, तर खाली नक्की लिहा. उद्या श्लोक १७ पासून पुढे वाचू.

राम कृष्ण हरी 🙏