लौकिक आणि गुण

एखाद्या मालाचे नाव झाले म्हणजे त्याचा भाव वाढतो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा गुणही त्याबरोबर वाढतो काय? प्रश्न वरवर व्यापाराचा दिसला तरी आमच्या मते तो नीतीचा आहे, आणि आम्हां बुलढाणा जिल्ह्यातील लोकांस त्याचा विचार करण्यास लांब जावयास नको.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस पोहोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकी मोल आले. युद्ध 1865 साली संपले, तरी खामगावच्या बाजाराचा लौकिक ओसरला नाही. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे 8 मैलांचा रेल्वेचा फाटा, मुख्यतः कापसासाठी, सुरू झाला, तेव्हा त्याच्या उद्घाटनास खुद्द लॉर्ड मेयो आले होते. या साऱ्या प्रांताचा कापूस मुंबईत व लिव्हरपुलास उमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ या एकाच नावाने विकला जाई. येथेच घात झाला. वऱ्हाडात बनी आणि जरी अशा दोन जाती होत्या. बनीचा धागा लांब व मऊ, पण तिच्यात सरकी फार, रुई थोडी. जरीचा धागा आखूड व भरड; मात्र तेवढ्याच कापसातून रुई अधिक निघे व पीकही लवकर हाती येई. दोहोंच्या भावातला फरक बनीची तूट भरून काढण्याइतका नसे. एकोणिसावे शतक संपता संपता बनी मागे पडली.

जरी पेरणाऱ्या कुणब्यास अप्रामाणिक म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. रुईवर पाणी मारणारा वा गाठीत सरकी दडपणारा लबाड खराच, आणि त्याच्यासाठी मुंबई इलाख्यात 1863 सालीच कायदा झाला होता. पण नावाला पैसे मोजून धागा न पाहणारा गिऱ्हाईक? त्याच्यासाठी कोणता कायदा करावा?

दुसरे उदाहरण तांबड्या मद्याचे आहे. सोवळ्या वाचकांनी क्षमा करावी. 2004 साली ‘साइडवेज’ या अमेरिकन चित्रपटाच्या नायकाने मर्लो द्राक्षाच्या मद्याची निंदा व पिनो न्वारची स्तुती केली, आणि पिनोची मागणी वाढली. (त्याच नायकाने जिवापाड जपलेल्या बाटलीत मर्लोचा अंश होता, ही गंमत फार थोड्यांच्या लक्षात आली.) पिनोचे द्राक्ष पातळ सालीचे, नाजूक, थंड हवेचे, मागणी आली म्हणून ते वाटेल तेथे नीट पिकत नाही. मग व्हावयाचे तेच झाले. मर्लो व सिरा यांचे स्वस्त मद्य पिनो म्हणून अमेरिकेस विकल्याबद्दल 2010 साली फ्रान्समधील कार्कासोनच्या न्यायालयाने काही व्यापारी व उत्पादक यांस दोषी ठरविले. बचावाच्या वकिलाने सांगितले की, एकाही अमेरिकन गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही!

हा युक्तिवाद आम्हांस त्या लबाडीहूनही भयंकर वाटतो. पिणाऱ्यास कळले नाही म्हणजे कोणाचे नुकसान झाले नाही काय? खरा पिनो कष्टाने पिकविणाऱ्याचे झाले. आणि चांगले मर्लो करूनही ज्याला आपल्या नावाने दाम मिळाला नाही, त्याचेही झाले. पण हे दोघे त्या बाटलीचे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्यांची तक्रार मोजलीच गेली नाही. बनी पेरणाऱ्याची तरी कोठे मोजली होती? त्याने पुढच्या मृगात मुकाट्याने जरी पेरली.