चौघांची केबिन

सुट्टीत कुठे जायचं, हा प्रश्न आमच्या घरी दर वर्षी मार्च एंडिंगच्या गर्दीत निघतो आणि जूनमध्ये शाळा उघडली की आपोआप सुटतो. यंदा मात्र कन्येने क्रूझचं माहितीपत्रक आणलं. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा जहाजाच्या सहली निघू लागल्या, तेव्हापासून तिचा त्यावर डोळा होता. बँकेतल्या कारकुनाला पाण्याची भीती नसते, व्याजाची असते. तरी मी चष्मा पुसून वाचायला बसलो.

अभ्यास आठ दिवस चालला. जहाजावर खोलीला केबिन म्हणतात हे ठाऊक होतं. केबिनींतही जातिव्यवस्था असते हे नव्याने कळलं. आतली, बिनखिडकीची केबिन सगळ्यांत स्वस्त. तिच्यावर खिडकीवाली, मग बाल्कनीवाली आणि सगळ्यांत वर स्वीट. स्वीटचा दर पाहून मी पान उलटलं. चिरंजीवांना बाल्कनी हवी होती. पण त्यांचा कठडे चढण्याचा लौकिक लक्षात घेऊन सौ.ने तो अर्ज फेटाळला. शिवाय जहाज डोलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त, मधोमध आणि खाली कमी. म्हणजे जास्त पैसे भरून उंचावर जायचं आणि पोट ढवळून घ्यायचं! शेवटी खालच्या मजल्यावरची, मधली, खिडकीवाली केबिन सर्वानुमते मंजूर झाली.

आणि मग बारीक टायपातली ओळ दिसली. या केबिनीत जास्तीत जास्त चौघं. खाली दोघं, वरच्या बर्थवर दोघं. आम्ही पाच. पाचवी आई.

मी पडलो भाईंदरचा. तिघांच्या बाकावर चौथा बसवण्यात आमची हयात गेली. पण जहाजावर ‘जरा सरकून घ्या’ चालत नाही. तिथे माणसं मोजून घेतात, कारण प्रसंग आला तर जीवरक्षक होड्यांतल्या जागाही मोजलेल्याच असतात.

आमची आकडेमोड आईने स्वयंपाकघरातून ऐकली. म्हणाली, "मला कशाला नेताय? मला बोट लागते. आणि इथे पाणी कोण भरेल?"

"असं काय बोलतेस आई!" आम्ही म्हणालो. पण एकदाच म्हणालो. मग घरात एक सुस्कारा सुटला. कोणी सोडला ते सांगत नाही. तो माझ्याच बाजूने आला होता.

रात्री झोप लागेना. चिरंजीव दुधाला रोज नाही म्हणतात, त्यांचा नकार आम्ही सात वेळा फेटाळतो. पाहुणा पोळीला नको म्हणतो, आम्ही त्याच्या आडव्या हाताखालून पोळी सरकवतो. मग आईचाच नकार पहिल्या झटक्यात मंजूर कसा झाला? बँकेत सही न करता येणाऱ्या आजारी, वृद्ध खातेदाराने अंगठा उठवला, तर बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक जबाबदार अधिकारी. चार पैसे काढायला एवढी खातरजमा. आणि घरी आईने स्वतःला यादीतून काढलं, तर साक्षीदार एकही नाही! ज्या नकाराने आपले पैसे वाचतात, तो आपल्याला फार लवकर खरा वाटतो.

त्यात आईची साक्ष मुळातच कच्ची होती. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटीनेच जायची. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं ती अजून नात्यातल्या माणसांसारखी घेते. डेकवर सतरंजी पसरायची, वळकटी उशाला घ्यायची. कुटुंबात माणसं किती, हे सतरंजीला कधी कळलंच नाही. कित्येक बंदरांत बोट लांब उभी राहायची, मग पडावातून उतरायचं. आणि वडील आडवे झालेले असताना ही फ्रॉकमधली पोर लोकांच्या डब्यांतले लाडू खात डेकभर हिंडत होती, हे तिनेच आम्हाला शंभरदा सांगितलंय. हिला बोट लागते?

पण दुसरी बाजूही आहेच. आग्रह हीसुद्धा एक जबरदस्तीच. तिला खरोखरच यायचं नसेल तर? आपलं मन हलकं व्हावं म्हणून म्हाताऱ्या माणसाला समुद्रावर नेणं, हा तरी कुठला न्याय?

तेव्हा खातरजमा करायचं ठरवलं. भाईंदर पश्चिमेहून वसईला जाणारी रो-रो बोट २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. रविवारी आईला घेऊन तीत बसलो. बसलो म्हणजे मी बसलो. आई कठड्याशी उभी राहिली. खाडीचा वारा सुटला, पदर उडाला, तो तिने कमरेला खोचला. असा खोचलेला पदर मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"बोट लागली का गं?" उतरताना विचारलं.

"ही कसली बोट? बूड टेकायच्या आत उतरवतात!" मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या त्या मोठ्या बोटीत खिडकी नसली तर स्वस्त पडतं ना रे? आम्ही कुठे खोलीत बसायचो? झोपायचं तेवढं आत, बाकी वर."

आता दोन आतल्या केबिनी घेतल्या आहेत, शेजारशेजारच्या. हिशेब जमलेला नाही, तो दिवाळीपर्यंत जमवू. आजीच्या केबिनीत कोण झोपणार यावरून मुलांची मारामारी सुरू आहे. आणि पाणी कोण भरणार, हा प्रश्न त्यानंतर आईने एकदाही काढलेला नाही.